वाचनालयाच्या वहीतलं तुझं नाव

शालिक, ब्लेड माझं होतं.

हे वाक्य चौदा वर्षं माझ्या तोंडात होतं. रोज दुपारी फोनवर तुझ्याशी बोलताना होतं, तुझ्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो तेव्हाही होतं. तू गेलास आणि मग ते कागदावर उतरलं. ऐकणारा उरला नाही तेव्हा लिहिता आलं, माझी हिंमत एवढीच.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. बारा वाजत आले की हात अजून फोनकडे जातो. तुझा फोन कधी नमस्कारानं सुरू व्हायचा नाही. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही. "मास्तर, बारा आडवा आला का?" बस. आला असला तर मी सांगायचो, नसला तर दोघं मिळून त्या कोडं करणाऱ्या माणसाला शिव्या घालायचो. तो नागपुरातल्या कुठल्या खोलीत बसून हे उद्योग करतो ते आपल्याला ठाऊक नव्हतं, पण त्याला जेवढं आपण ओळखत होतो तेवढं त्याची बायकोही ओळखत नसेल. सोमवारी तो सोपं देतो, गुरुवारी अंगात येतं, आणि जिथं शब्द सुचत नाही तिथं 'एक नदी' किंवा 'एक वृक्ष' लिहून मोकळा होतो.

तुझी माझी ओळखही कोड्यावरूनच झाली. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी वाचनालयाचा सचिवही होतो. नागपूरचा पेपर गोंदियावरून बसनं यायचा, साडेनऊच्या सुमारास. मी तो स्टँडवरून आणायचो, लांब टेबलावर ठेवायचो आणि शाळेची घंटा व्हायच्या आत कोडं सोडवायचो. तू भरवेलीच्या खाणीत पंपावर होतास. रात्रपाळी संपली की सायकलनं शहरात यायचास. हात धुतलेले असायचे, पण नखांत काळं राहिलेलं असायचं. आठ-दहा दिवस तू नुसता माझ्या मागं उभा राहून पाहत होतास. मग एके दिवशी बोललास.

"मास्तर, तो शब्द नाई होये. खालचा उभा पाहा, जमून नाई राह्यला."

मला राग आला. मी पेनानं लिहिलं होतं. मराठीचा शिक्षक होतो, मला पेन्सिलीची गरज वाटत नव्हती. पण खालचा उभा खरंच जमत नव्हता. तू वाकून दुसरा शब्द सांगितलास आणि सगळा कोपरा भराभर सुटला. माझ्या शाईच्या अक्षरांवर मी दुसरी अक्षरं गिरवत बसलो, कोड्याचा चिखल झाला.

"पेन नका घेऊ मास्तर," तू म्हणालास. "पेन म्हंजे लई भरोसा झाला सोतावर."

मग खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलंस, आखूडशी पेन्सिल तासलीस आणि माझ्या हातात दिलीस. ते अर्धं ब्लेड तुझ्या खिशात कायम असायचं. इतर लोक चुन्याची डबी ठेवतात तसं. हे वाचनालयात सगळ्यांना माहीत होतं. मला तर सगळ्यांच्या आधी.

त्यानंतर आपली वाटणी ठरली. आडवे तुझे, उभे माझे. मी उभ्या शब्दांच्या सूचना वाचायचो, तू आडव्यांच्या. एकमेकांच्या वाट्यातला शब्द सुचला तरी विचारल्याशिवाय सांगायचा नाही, हा नियम. तू तो पाळायचास आणि नुसता गालात हसायचास, ते मला सांगण्यापेक्षा जास्त झोंबायचं. तू सातवीपर्यंत शिकलेला. पंपाजवळ बसून पंपाचा आवाज ऐकणं एवढंच तुझं काम, त्यामुळे हातात येईल ते छापील वाचायचास. विहारातली पुस्तकं, जुने दिवाळी अंक, किराण्याच्या पुड्यांचे कागद. एकदा वाचलेला शब्द तू कधी सोडला नाहीस. मी पदवीला जे शब्द पाठ केले होते ते विसरलो, आणि तू पुडीवर वाचलेले आठवून सांगायचास.

त्या वर्षांइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे मी आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. एखादा शब्द दोन दिवस छळतो आणि मग भाजी घेताना, दाढी करताना एकदम समोर येऊन उभा राहतो. त्या वेळी तो सांगायला माणूस लागतो. माझ्या घरात कोणी नव्हतं. मुलं हिंदीत वाढली, बायकोला कोड्याचा कंटाळा. मला तू होतास.

आणि आपले वैताग! कोकणातलं बंदर विचारायचे, सातारा जिल्ह्यातला तालुका विचारायचे. आपण दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तू सूचना मोठ्यानं वाचायचास आणि पेन्सिल टेबलावर आपटायचास.

"मास्तर, हे लोक कधी आपलं बैहर नाई विचारत. लामता नाई विचारत. आपण त्यायच्या नकाशात नाई, अन् आपण त्यायचं कोडं सोडवून राह्यलो."

"मग नको सोडवू."

"काहून? मी तं सोडवीनच. त्यायले काय माहीत, कोण सोडवते."

भेद्र्याचा वाद तर अजून मिटलेला नाही. 'एक लाल फळभाजी', तीन अक्षरं. मी म्हटलं टोमॅटो, तू म्हटलंस भेदरा, आपल्याकडचं टोमॅटोचंच नाव. त्याला छेदून जाणारा उभा शब्द माझ्या वाट्याचा, तो मला येत नव्हता. ठरलं की उद्याच्या पेपरात उत्तर येईल, हरेल त्यानं चहा पाजायचा. दुसऱ्या दिवशी वैनगंगेला पूर, बस आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशीच्या पेपरात तिसऱ्या दिवसाचं उत्तर. आपलं उत्तर पाण्यात गेलं. तू वाचनालयात जाहीर केलंस, "पूर आला म्हणून मास्तर वाचले. नाई तं चहा द्या लागला असता." कोण्या नागपूरच्या माणसानं कोड्यात भेदरा लिहिला असता, असं मला आजही वाटत नाही. पण तू इतक्या खात्रीनं सांगायचास की लोक तुझ्याच बाजूनं व्हायचे.

आता ते सांगतो.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हा शाळेतलं मराठी बंद झालं. पोरंच उरली नव्हती. मला सामाजिक शास्त्र दिलं, मग हजेरीपट, मग परीक्षेचे कागद मोजणं. मी कोणाकडे तक्रार केली नाही. पण सकाळी वाचनालयात कोडं सोडवायला बसलो की मी अजून मराठीचा मास्तर असायचो. तेवढी एकच जागा राहिली होती, आणि तिथे तू होतास. निवृत्त झाल्यावर तर दिवसभरात दुसरं काही उरलंच नाही.

तूही तोवर निवृत्त झाला होतास, त्यामुळे रोज यायला लागलास. लोक टेबलाभोवती गोळा व्हायचे. एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी आला होता. आता तो शहरात दुकान चालवतो. मी एका शब्दावर अडलो होतो. मीच शेवटी विचारलं, म्हणून तू तो सांगितलास. तो विद्यार्थी हसून म्हणाला, "गुरुजी, आपसे तो शालिकभाऊ तेज़ निकले! उलटा हिसाब हो गया." सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस. मान खाली घालून पुढची सूचना वाचू लागलास. माझ्यावर दया दाखवतोस, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर आणला आणि वाचनालय उघडायच्या आत ब्लेडनं कोडं कापून घेतलं. घरी नेलं. पेन घेतलं, शब्दकोश घेतला. तुझ्याशिवाय मला एक कोडं पुरं सोडवता येतं का, एवढंच मला पाहायचं होतं.

नाही आलं. पाच-सहा आडवे राहिले. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा कापलं. तेही राहिलं.

असं महिनाभर चाललं. तू यायचास, पेपर उघडायचास, भोकातून पलीकडचं टेबल दिसायचं. "कोण करून राह्यलं बा हे?" तू विचारायचास आणि मी मान हलवायचो. बाकीच्यांनी तक्रार केली तेव्हा समितीनं ठरवलं की कोड्यावर रोज वाचनालयाचा शिक्का मारायचा, म्हणजे चोरानं कापलं तरी ओळखू येईल. सचिव या नात्यानं ते काम माझं. मी आधी जांभळा शिक्का मारायचो आणि मग कापायचो. माझ्यासारखा शिस्तीचा माणूस वाचनालयाला दुसरा मिळाला नाही.

मग ती बैठक. समितीचे पाच जण आणि टेबलाच्या टोकाला तू, उभा. बसायला कोणी सांगितलं नाही, मीही नाही. कोषाध्यक्षांनी खिसे रिकामे करायला सांगितले. पेन्सिल निघाली, रुमाल निघाला आणि ते अर्धं ब्लेड. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

"लो," कोषाध्यक्ष म्हणाले. "अब और क्या सबूत चाहिए?"

"साहेब, हे तं पेन्सिलीसाठी हाये. पुडीचा कागद हाये हा, पाहा ना."

"भरवेलीहून सायकल मारत रोज कोणी फुकट कोडं सोडवायला येते का?" दुसरा म्हणाला. "या लोकांले..." आणि त्यानं वाक्य अर्धं सोडलं. उरलेलं अर्धं खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. तुलाही.

तू माझ्याकडे वळलास. "मास्तर, सांगा ना यायले."

मी म्हणालो, "सगळ्यांचं असं म्हणणं आहे, शालिक."

"तुमचं काय म्हणणं हाये?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि ठराव लिहायला घेतला. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे असायची. मी लिहिलं की सदस्य शालिक यांच्या खिशात ब्लेड आढळून आले, त्यांनी वाचनालयाच्या वृत्तपत्राचे वारंवार नुकसान केल्याचे सिद्ध होत असून त्यांचे सदस्यत्व रद्द करण्यात येत आहे. तुझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव. एकही काना-मात्रा चुकली नाही.

तू पेन्सिल उचललीस, ब्लेड टेबलावरच ठेवलंस आणि गेलास. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून मी कापणं थांबवलं. कापायचं कारणच राहिलं नव्हतं. आणि तू गेल्याबरोबर चोरी थांबली, यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा होता? ज्यांच्या मनात थोडी शंका होती तीही गेली. लोक मला म्हणाले, गुरुजी, बरं झालं, वेळेवर पकडला.

मी कोडं घेऊन टेबलाशी एकटा बसायचो. उभे सुटायचे, आडवे राहायचे.

दोनेक महिन्यांनी मी तुझ्या घरी आलो. हातात माझा शब्दकोश, जाड, कापडी बांधणीचा. शिक्षक झालो त्या वर्षी घेतलेला. तू दारात उभा राहून पाहत राहिलास.

"हे काहून, मास्तर?"

"मला आता बारीक अक्षर दिसत नाही. तुझ्या कामी येईल."

मला सगळं नीट दिसत होतं. तू दोन्ही हातांनी तो घेतलास, चहा दिलास. वाचनालयाचं तू काढलं नाहीस. मी सुटल्यासारखा घरी आलो. मला वाटलं, फिटलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तुझा पहिला फोन आला. "मास्तर, चौदा आडवा आला का? तुमच्या पुस्तकात बी नाई सापडून राह्यला." भरवेलीतल्या न्हाव्याच्या दुकानात तोच पेपर यायचा, तू तिथे बसून कोडं करत होतास. तेव्हापासून चौदा वर्षं रोज फोन. ज्या माणसानं तुझं नाव बुडवलं त्याला रोज फोन. मी मनाची समजूत घालून घेतली की तुला काही माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते सांगून दुखवायचं कशाला. अशा समजुती मला लवकर सुचतात. कोड्यात कधी इतक्या लवकर काही सुचलं नाही.

आणि दर वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या आधी एक पोस्टकार्ड. 'मा. सचिव महोदय. मी वाचनालयाच्या पेपरातील काही कापलेले नाही. माझे ब्लेड पेन्सिलीसाठी होते. मला सदस्यत्व नको. वहीतील माझ्या नावाची नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.' खाली सही. दर वर्षी तेच शब्द, एक कमी नाही, एक जास्त नाही. फोनवर तू पत्राचं कधी बोलला नाहीस आणि पत्रात कोड्याचं कधी लिहिलं नाहीस. मी ती कार्डं समितीपुढे कधी ठेवली नाहीत. घरी पत्र्याच्या डब्यात टाकली. अकरा आहेत. काल पुन्हा मोजली.

तीन वर्षांपूर्वी मी सचिवपद सोडलं. त्या वर्षी तुझं कार्ड आलं नाही. नव्या सचिवांना मी सहज विचारलंही, तर त्यांच्याकडेही आलं नव्हतं. मला वाटलं, थकला बिचारा. सोडून दिलं त्यानं.

शेवटचं भेटलो ते तू जायच्या तीन दिवस आधी. तुझ्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला होता, "मास्तरकाका, बाबाले दम लागून राह्यला, तुमचं नाव घेऊन राह्यले." मी ठरवून निघालो की आज सांगायचं. तू उशीला टेकून बसला होतास. मांडीवर पेपर. मला पाहिलंस आणि पेन्सिल पुढे केलीस.

"आले का? घ्या, उभे तुमचे."

"शालिक, मला थोडं बोलायचं होतं."

"बोला ना." तू वाट पाहिलीस. खरंच वाट पाहिलीस, ते मला आता कळतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. प्रज्ञा चहा करायला गेली होती.

मी म्हणालो, "आजचं कोडं कठीण वाटतं."

तू डोळे मिटलेस. मग हसलास. "हौ, मास्तर. कठीणच हाये." थोड्या वेळानं म्हणालास, "पण तो भेदराच होता."

आपण पंधरा-वीस शब्द सोडवले. तुला बोलवत नव्हतं, तू बोटानं घर दाखवायचास. मी निघालो तेव्हा चार घरं राहिली होती.

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक पुष्कळ होते. खाणीतले जुने, वॉर्डातले, प्रज्ञाच्या शाळेतल्या बाया. एकानं बोलताना सांगितलं की या माणसाले एकदा वाचनालयातून चोर म्हणून काढलं होतं, पण त्यानं वाचणं सोडलं नाही. लोकांनी माना हलवल्या. त्यानंतर प्रज्ञा माझ्याकडे आली. "मास्तरकाका, तुमी दोन शब्द बोला. बाबाचे सगळ्यात जुने दोस्त तुमी."

मी माईकपुढे गेलो. दहा मिनिटं बोललो. तुझी स्मरणशक्ती, तुझी पेन्सिल, पूर आणि चहा. लोक हसले, काही रडले. माझं भाषण चांगलं झालं, शालिक. माझी भाषणं नेहमीच चांगली होतात. ते एक वाक्य सोडून मी सगळं बोललो.

निघताना प्रज्ञानं पिशवी दिली. "बाबानं सांगून ठेवलं होतं. मास्तरचं पुस्तक मास्तरले द्या म्हणून."

घरी येऊन शब्दकोश उघडला. तो आपोआप मधेच उघडला, कारण तिथे एक कागद होता. पिवळा पडलेला, चारी बाजूंनी सरळ कापलेला, कोपऱ्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का.

कापलेली सगळी कोडी मी पाणी तापवायच्या चुलीत घातली होती. बैठक झाली त्याच आठवड्यात. एक राहिलं होतं. शब्द शोधता शोधता खूण म्हणून मीच ते पानात घातलं असणार, आणि मीच ते पुस्तक नेऊन तुझ्या हातात दिलं. माझी शाई, माझं अक्षर. तू ते एका नजरेत ओळखलं असशील. तुझ्याइतकं माझं अक्षर कोण ओळखत होतं?

कोडं पुरं सुटलेलं आहे. मला न आलेले आडवे शब्द तू पेन्सिलीनं भरलेस. माझे दोन शब्द चुकले होते. ते तू खोडले नाहीस. समासात, बारीक अक्षरात, बरोबर शब्द लिहून ठेवलेस.

तू ते कधी पाहिलंस? पहिल्याच दिवशी? म्हणजे दुसऱ्या दिवशी तो फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं? पेन्सिलीवरून ते कळत नाही. पण कार्डांचं कळलं. तू समितीला लिहीतच नव्हतास. हा कागद घेऊन वाचनालयात गेला असतास तर एका दिवसात तुझं नाव मोकळं झालं असतं आणि माझं बुडालं असतं. तू तो पुस्तकात ठेवलास आणि ज्यानं कापलं त्यालाच दर वर्षी लिहीत राहिलास की दुरुस्त कर. मी पद सोडलं आणि तू लिहिणं सोडलंस. अकरा वेळा संधी दिलीस, शेवटी खाटेवरून बारावी दिलीस, आणि मी म्हणालो आजचं कोडं कठीण वाटतं.

मला तुझा राग आला, हेही लिहितो. शिवी दिली असतीस, कॉलर धरली असतीस तर मी सुटलो असतो. तू मला सोडवलं नाहीस. नियमाप्रमाणे, विचारल्याशिवाय सांगितलं नाहीस. आयुष्यभर तू मला 'तुम्ही' म्हणालास आणि मी तुला 'तू'. वयात दोन-तीन वर्षांचा फरक. आज तुम्ही म्हणून लिहायला बसलो होतो, पण चार ओळींतच ते नाटक वाटलं. म्हणून राहू दिलं. हीही एक नोंद.

परवा सकाळी वाचनालयात गेलो. लांब टेबलावर आता परीक्षांची तयारी करणारी पोरं बसतात. तिथे आता मराठी पेपर येत नाही. नव्या सचिवांना जुनी वही मागितली.

"कौनसा रजिस्टर, गुरुजी? वो पुराना? अलमारी में होगा." त्यांनी शोधून दिली. मी काय करतो आहे ते सांगितल्यावर गडबडले. "अरे, छोड़िए ना. वो बेचारे तो चले गए. मराठी पढ़नेवाला भी अब कौन है यहाँ? आपकी ही बदनामी होगी."

"हिंदी में भी लिखूँगा," मी म्हणालो. "बोर्ड पर लगाइए."

ते पान सापडलं. माझं सुंदर अक्षर. त्याखाली जेवढी जागा होती तेवढ्यात लिहिलं की वरील नोंद खोटी आहे, वृत्तपत्र मी कापले, तेव्हा मी सचिव होतो, शालिक यांचा त्यात काही संबंध नव्हता आणि त्यांची अकरा पत्रे मी दाबून ठेवली. सही केली. जागा अपुरी पडली, त्यामुळे अक्षर वाईट आलं. त्या वहीतलं माझं तेवढं एकच वाईट अक्षर.

त्या पानाची आणि बोर्डासाठी लिहिलेल्या हिंदी कागदाची झेरॉक्स घेऊन प्रज्ञाकडे गेलो. तिनं उभ्यानंच वाचली. पुन्हा वाचली. मला बसा म्हणाली नाही.

"बाबाले माहीत होतं?"

मी तिला कात्रण दाखवलं.

ती पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत नोतं. मले लोक विचारत होते, तुझ्या बाबानं खरंच चोरी केली का? सासरी बी विचारलं. मी बाबाले विचारलं तं म्हणे, नाई केली. कोणं केली, तं म्हणे, ते मी काहून सांगू. मी त्यायच्यावर चिडलो होतो काका. वर्षभर बोललो नाई." 'बोललो' म्हणाली ती, तू म्हणायचास तशी.

"मी माफी..."

"माफी नका मांगू मले. मी कोण देणारी?" तिनं झेरॉक्स घडी करून ब्लाउजात ठेवली. कात्रण परत दिलं नाही. "वहीत लिहिलं, ते कोण वाचते? बोर्ड कोण वाचते? तुमी विहारात सांगा. जिथं बाबाची तारीफ केली ना, त्याच माईकवर. रविवारी सगळे राह्यतेत."

मी हो म्हणालो.

"मागच्या खेपेसारखं जास्त नका बोलू," ती म्हणाली. "किती वेळ लागल?"

शालिक, हे सगळं मी रविवारसाठीच लिहितो आहे. पेन्सिलीनं लिहायला बसलो होतो, मग पेन घेतलं. इतकी पानं झाली. कदाचित मला ती वाचू देणार नाहीत, कदाचित कोणी मधेच उठून मला खाली बसवेल, आणि ते बरोबरच असेल. पण प्रज्ञाला मी सांगून आलो आहे की वेळ लागणार नाही. पहिलं वाक्य चारच शब्दांचं आहे.